बदलून दिला म्हणजे मिटलं असं नाही

"वॉरंटीत बदलून देतायत ना, मग कशाला एवढा तणतणतोस?" हे वाक्य मला आता घरच्यांपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय, आणि दर वेळी माझं डोकं सटकतं, कारण बदलून काय देतात आणि कसं देतात हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळतं. माझ्यावर बेतलंय ते गेमिंग कन्सोलवरून, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनवरून. म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून काढतोय. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार अजून चालू आहे.

कन्सोल घेतला तो रीतसर दुकानातून, पक्क्या बिलावर. ग्रे मार्केटचा पीस बऱ्यापैकी स्वस्तात मिळत होता पण त्याला वॉरंटी नाही, म्हणून मुद्दाम जास्त पैसे घातले. घरी मी आणि धाकटा भाऊ खेळतो, खरं तर तोच जास्त. काही महिने एकदम मस्त चालला आणि मग एका रात्री टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. लाइट लागतोय, पंखा फिरतोय, कंट्रोलर कनेक्ट होतोय, पण पडदा काळा. केबल बदलली, दुसरा टीव्ही लावून बघितला, तेच. कस्टमर केअरला फोन केला तर तिथे जी यादी असते ती सगळी पहिल्यापासून, सर केबल चेक केलीत का, सर दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलंत का, आणि शेवटी सर तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे का. आम्ही सोलापुरात राहतो, लाइट जाते-येते हे खरंय, पण कन्सोल यूपीएसवर आहे आणि त्याच यूपीएसवरचा राउटर इतकी वर्षं बिनबोभाट चालतोय, हे त्यांना कितीही सांगा, त्यांच्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागाच नसते.

सर्व्हिस सेंटर पुण्याला. मूळ खोका हवा, आतलं थर्माकोल हवं, बिलाची कॉपी हवी. ते सगळं दिलं, आणि बऱ्याच फॉलोअपनंतर बदली पीस आला. खोका साधा खाकी, वर फक्त सीरियल नंबरचा स्टिकर. पीस बाहेर काढला तर खालच्या चार रबरी पायांपैकी एक गायब, आणि पंख्याच्या जाळीच्या आतल्या कडेला करड्या धुळीचा थर. म्हणजे हा कुणाच्या तरी घरी भरपूर चालून, बिघडून, दुरुस्त होऊन आमच्याकडे आलेला. मी नवाकोरा घेतला होता, मला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, दुरुस्त केलेला मिळाला. विचारलं तर म्हणाले, सर पॉलिसीच तशी आहे. आणि ते खरंच आहे, वॉरंटीच्या बारीक अक्षरात 'नवीन किंवा रिफर्बिश्ड' असंच लिहिलेलं असतं.

हा बदली पीस डिस्क वाचेना. त्याच्या जागी आलेला पीस मोठा गेम लावला की अर्ध्या तासात धाडकन बंद. फोन, जॉबशीट (बिघाड नोंदवायचा सर्व्हिस सेंटरचा कागद), कुरियर, वाट बघणं हे चक्र पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी नवा एक्झिक्युटिव्ह, त्याला सगळी कहाणी परत सांगा. त्यात भावाचे सेव्ह, म्हणजे गेम जिथवर खेळून झाला होता तो साठवलेला डेटा, गेले. ऑनलाइन बॅकअपला वेगळे पैसे लागतात, ते आम्ही भरत नव्हतो, आणि जो कन्सोल टीव्हीवर काही दाखवतच नाही त्याच्यातून पेनड्राइव्हवर तरी काय काढणार? बारावीच्या परीक्षेनंतरची अख्खी सुट्टी त्याने एका गेममध्ये घातली होती. "दादा, ते परत नाही का मिळणार?" एवढंच विचारलं त्याने. सर्व्हिस सेंटरला मी लेखी विचारलं की जुन्या पीसमधला डेटा काढून द्याल का, तर उत्तर आलं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची.

यात नवीन काहीच नाही हे मला नंतर वाचताना कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या कन्सोलची गोष्ट गेमिंगवाल्यांना माहीतच असेल, 2005 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला, 2006 मध्ये आपल्याकडे. पॉवर बटणाभोवती चार भागांची रिंग, सगळं ठीक असेल तर हिरवी, आणि मशीन गेलं की त्यातले तीन भाग लाल लुकलुकायचे. रेड रिंग ऑफ डेथ म्हणायचे त्याला. लोक पाठवायचे, दुरुस्त होऊन यायचा, परत लाल. लोकांनी तर कन्सोल टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचा जुगाड काढला होता, आत इतकं तापायचं की तुटलेला जोड थोडा वेळ परत टेकायचा आणि मशीन सुरू व्हायचं. दोन-चार दिवस जेमतेम, पुढे कायमचं बंद. (हे कुणी करू नका, आग लागायची.)

कारण काय होतं, तर चिप ज्या बारीक सोल्डरच्या ठिपक्यांवर बसलेली असते ते ठिपके. खेळताना चिप तापते आणि फुगते, बंद केलं की गार होऊन आकसते, आणि रोजच्या या फुगण्या-आकसण्यात ते ठिपके तडकतात. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की चिप आणि मदरबोर्डमधला जोड सुटतोय. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एक्सबॉक्सवर डॉक्युमेंटरी काढली, त्यात त्यांच्याच इंजिनियरने सांगितलं की जोड चिपच्या पॅकेजच्या, म्हणजे तिच्या वेष्टनाच्या, आत तुटत होते. म्हणजे नुसता तापतो म्हणून नाही, सारखा चालू-बंद होतो म्हणून. आता सांगा, अशा मशीनला नवा पंखा लावून किंवा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून परत पाठवलं तर ते परत बिघडणार नाही तर काय होणार? खोट डिझाइनमध्ये होती, त्यामुळे बदली आलेल्या पीसमध्येही तीच.

पण मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट केली जी मला माझ्या कंपनीकडून हवी आहे. 5 जुलै 2007 ला त्यांनी जाहीर केलं की तीन लाल लाइटच्या बिघाडाला खरेदीपासून 3 वर्षं वॉरंटी, आणि ज्यांनी आधी पदरचे पैसे देऊन दुरुस्त करून घेतलाय त्यांना ते परत. त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. उशिरा केलं, आधी बरेच दिवस टाळाटाळ केली, ते सगळं मान्य, पण निदान एकदा चारचौघात कबूल केलं की हे ग्राहकाच्या घरातलं व्होल्टेज नाही, आमचं मशीन आहे.

निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरचं तेच. स्टिकला, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या दांडीला, हात न लावता कॅरेक्टर आपोआप चालायला लागतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या आत एक पट्टी असते, तिच्यावर संपर्काची पिन घासत राहते, घासून घासून पट्टी झिजते आणि चुकीचं रीडिंग जायला लागतं. 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, 2023 मध्ये युरोपात वॉरंटी संपल्यावरही फुकट दुरुस्ती सुरू झाली. आणि चुंबकावर चालणारी, न घासणारी स्टिक काही आत्ताचा शोध नाही, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ती 1998 सालीच होती!

आता माझा खरा मुद्दा. पीस बदलून आला की वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, पहिल्याची जी उरली असेल तीच पुढे चालते, फार तर काही ठिकाणी 90 दिवस देतात. आमच्या एका वर्षातले कितीतरी आठवडे कन्सोल कुरियरमध्ये नाहीतर पुण्याच्या रॅकवर पडून होता, तेही वॉरंटीतच मोजले. म्हणजे त्यांचा पीस बिघडणार, त्यांच्याकडेच पडून राहणार, आणि दिवस माझे कापले जाणार. हे मला कुणी कितीही समजावलं तरी पटणार नाही. त्यांच्या रेकॉर्डला प्रत्येक बदलीपुढे 'क्लोज्ड' लिहिलेलं आहे. क्लोज्ड कसलं? तोच माणूस, तेच बिल, तीच रड, फक्त सीरियल नंबर वेगळा.

शेवटी एका काकांनी, जे पूर्वी ग्राहक पंचायतीचं काम करायचे, त्यांनी मला कायदा वाचायला लावला. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 39. खोट सिद्ध झाली तर जिल्हा ग्राहक आयोग काय काय आदेश देऊ शकतो ते तिथे आहे: दोष काढून द्या, किंवा पैसे परत करा, किंवा वस्तू बदलून द्या, आणि बदलून देताना शब्द आहेत 'नवीन' आणि 'कोणताही दोष नसलेली'. रिफर्बिश्डचा तिथे उल्लेखच नाही. मी ते वाचून काकांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "अरे, कंपनीची पॉलिसी आणि कायदा यांत मोठं कोण?"

आणि हे करायला वकीलच लागतो असं नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवता येते. तिथे नाही मिटलं तर आयोगात, आता अर्ज ऑनलाइन भरता येतो, 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते. म्हणजे सोलापूरच्या माणसाला पुण्यामुंबईला खेटे घालायला नकोत. केस टाकायची मुदत 2 वर्षं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सर्व्हिस सेंटरवाले जॉबशीटवर 'डेड' किंवा 'नॉट वर्किंग' एवढंच खरडतात. त्यावर सही करू नका. 'गेम चालू असताना 30 मिनिटांत आपोआप बंद होतो' असं त्यांच्याकडून लिहून घ्या, यूपीएसवर आहे हेही लिहायला लावा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पीसच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. माझ्याकडे हे सगळे फोटो आहेत म्हणूनच 1915 वाल्यांपुढे कंपनीला "ग्राहकाने नीट वापरला नाही" असं म्हणता आलं नाही.

मी मागणी लिहून दिलीय: एकतर सीलबंद नवीन पीस आणि त्यावर पूर्ण वर्षाची वॉरंटी, नाहीतर बिलातली सगळी रक्कम. परवा त्यांचा फोन आला होता, अजून एक रिफर्बिश्ड पाठवतो म्हणाले. नको म्हणून सांगितलं. आयोगाचा अर्ज भरून तयार आहे, या आठवड्यात टाकतोय.