कझाक लग्नाला जाताय? पोट रिकामं आणि खिशात सुटे ठेवा

पहिल्यांदाच सांगून टाकतो, कझाकस्तानबद्दल जे व्हिडिओ तुम्ही बघून ठेवलेत त्यातलं नव्वद टक्के अलमाटीचं आहे. केबल कार, मेदेऊचं आइस रिंक, चारिन कॅन्यन, बाजारात काझी (घोड्याच्या मांसाचं सॉसेज) चाखून तोंड वाकडं करणारा कोणीतरी. ते सगळं आम्हीपण केलं, छान आहे, त्याबद्दल मी काही लिहिणार नाहीये. हा लेख कझाक घरच्या कार्यक्रमाला, म्हणजे 'तोय'ला जाणाऱ्यांसाठी आहे, कारण त्याबद्दल आम्हाला जे जे सांगण्यात आलं होतं ते जवळजवळ सगळं चुकीचं निघालं.

शारजात माझ्याबरोबर काम करणारा एक कझाक मित्र आहे, तुर्किस्तान शहराच्या पलीकडच्या एका आऊलचा (आऊल म्हणजे खेडं). त्याच्या धाकट्या भावाचं लग्न आणि मित्राच्या स्वतःच्या पोराचं तुसाउ केसेर (पोर चालायला लागलं की करायचा विधी), दोन्ही एकाच दमात होतं. वेळ होता, व्हिसाची कटकट नव्हती (भारतीय पासपोर्टवर एका खेपेला 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, 180 दिवसांत एकूण 42 च्या वर नाही), म्हणून मी आणि बायको निघालो. घरी राहणार असाल तर एक करा, यजमानाला तुमची माहिती इमिग्रेशनला कळवायला सांगा, कामाचे 3 दिवस असतात त्याला. हॉटेलवाले स्वतः कळवतात, घरचे लोक लग्नाच्या गडबडीत विसरतात, मागे लागा.

अलमाटी ते तुर्किस्तान रात्रीची ट्रेन, काही त्रास नाही. त्रास स्टेशनच्या बाहेर सुरू होतो. सामान बघितलं आणि टॅक्सीवाले जमा झाले, आऊलचं नाव सांगितल्यावर एकाने 25,000 तेंगे (तिथलं चलन) सांगितले. पंचवीस हजार! का, तर रस्ता खराब, येताना रिकामं यावं लागतं, पेट्रोल, आणि बायकोकडे बघून "बॅग दोन". घासाघीस करून 12 वर आणला आणि आपण जिंकलो असं वाटून बसलो तर गावाच्या अलीकडे फाट्यावर गाडी थांबवून हा म्हणे 12 इथपर्यंतचे, आत जायचे वेगळे. तिथे भर उन्हात पंधरा मिनिटं वाद. मित्राच्या काकांना नंतर आकडा सांगितला तर ते इतके हसले की त्यांना खोकला आला, त्यांच्या मते 5 हजार पुष्कळ झाले. रस्ताही चांगला डांबरी होता हो, खराब वगैरे काही नाही. तर शहरात ॲपवरून गाडी मागवा, आणि गावात जायचं असेल तर यजमानालाच माणूस पाठवायला सांगा, संकोच करू नका, त्यांच्याकडे लग्नाच्या दिवसांत दहा पोरं गाड्या घेऊन फिरतच असतात. मी संकोच केला नसता तर सात हजार वाचले असते आणि हा परिच्छेदही.

आता मुख्य मुद्दा. तोय हा जेवणाचा कार्यक्रम नाही, जेवणाची मॅरेथॉन आहे आणि तुम्हाला कोणी किलोमीटर सांगत नाही.

पहिला दिवस मुलीकडचा, 'क्यझ उझातु', मुलीची पाठवणी. मुलाकडून व्याह्यांची एक तुकडी जाते, व्याह्यांना 'कुदा' म्हणतात, आणि मित्राने मला त्या तुकडीत घातलं. मला वाटलं मागे उभं राहून फोटो काढायचे. छे. कुदा म्हणजे सगळा मानपान तुमच्यावर. दारात बायकांनी डोक्यावर चॉकलेटं आणि नाणी उधळली ('शाशु', थेट आपलं बोरन्हाण, पोरं तशीच तुटून पडतात), मग दार उघडायचे पैसे, मग अजून कसले तरी पैसे, सगळं हसत-खेळत पण पैसे खरे. मग आत तोरवर, म्हणजे दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसवतात, आणि समोर दास्तरखान, म्हणजे खाण्याने भरलेली पंगत, लावलेला. बाउर्साक (पिठाचे तळलेले गोळे), सुकामेवा, जॅम, लोणी, सॅलडं, काझीच्या चकत्या (घोड्याच्या बरगडीचं मांस आणि चरबी आतड्यात भरून केलेलं), टरबूज. एवढं बघून कोणालाही वाटेल की हेच जेवण. हा सापळा आहे. हे नुस्तं बसायचं सामान आहे.

त्यानंतर चहा. दुधाचा, छोट्या वाडग्यात, अर्धाच ओततात. अर्धा म्हणजे कंजूषपणा नाही, मान आहे, परत परत भरायला मिळावा म्हणून. पुरे झालं की वाडग्यावर हात ठेवा, नाहीतर ती वहिनी ओततच राहते आणि तुम्ही पितच राहता.

आणि मग कुइरिक-बाउर. याच्याबद्दल मला कोणीही, अगदी मित्रानेही, एक शब्द सांगितला नव्हता. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि लिव्हर, उकडून कापलेलं. तिकडच्या मेंढ्यांना मागे हा एवढा मोठा चरबीचा गोळा असतो. सोयरीक पक्की झाल्याची खूण म्हणून मुलीकडच्या बायका गाणं म्हणत कुदांना स्वतःच्या हाताने भरवतात. हाताने म्हणजे मूठभर, तोंडात कोंबून. थरथरणारी पांढरी चरबी, कोमट, मीठ जेमतेम. माझ्या शेजारचे आजोबा मिटक्या मारत होते. मी सातारचा माणूस, वजडी, मुंडी काही सोडत नाही, पण हे गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. माझा सल्ला: चावू नका. जीभेखाली लिव्हरचा तुकडा धरा, चरबी घशाकडे ढकला आणि लगेच गरम चहा. थंड पाणी अजिबात नको, चरबी टाळ्याला गोठून बसते, अर्धा तास जात नाही. आणि पहिला घास झाल्यावर "छान" असा चेहरा करू नका, दुसरा येतो. नाही म्हणायचा प्रश्नच नाही, मानाची गोष्ट आहे आणि सगळं गाव बघत असतं. बदल्यात शापान मिळाला, जरीकाम केलेला लांब मखमली झगा, 35 डिग्रीत अंगावर चढवतात आणि उतरवू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलाकडे. सकाळी बेताशार, म्हणजे सुनेचा चेहरा उघडायचा विधी. डोक्यावरून पांढरा पदर, एक माणूस दोंब्रा (दोन तारांचं वाद्य) वाजवत एकेका नातेवाइकाचं नाव गाण्यात घेतो, सून त्याला वाकून नमस्कार करते आणि तो उठून पैसे टाकतो. हे फार सुंदर आहे, खरंच, गाणारा जागच्या जागी विनोद रचत होता आणि लोक लोळत होते. मी मजेत बघत असताना गाण्यात "इंदिया" ऐकू आलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे. सून वाकलेली, मी खिसे चाचपतोय आणि एटीएमने दिलेल्या सगळ्या नोटा 20,000 च्या, म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या आसपास. गेली एक. टाळ्या दणदणीत मिळाल्या. तुम्ही बँकेत किंवा मोठ्या दुकानात आधीच मोडून घ्या, 1,000, 2,000, 5,000 च्या नोटा वेगवेगळ्या खिशात ठेवा, सगळे लोक फोनवरून पैसे देतात म्हणून सुटे लागत नाहीत असं जे सांगतात ते तोयला कधी गेलेले नाहीत. मुख्य आहेराचं पाकीट वेगळं, आकडा यजमानाला न विचारता त्याच्या मित्राला विचारा.

संध्याकाळी तोयखाना, म्हणजे हॉल. पत्रिकेवर 6 वाजता. आम्ही पावणेसहाला हजर, वेटर खुर्च्या मांडत होते. लोक यायला आठ. (वेळेवरून आठवलं, 1 मार्च 2024 पासून सगळ्या कझाकस्तानची वेळ एकच आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, जुने लेख वाचून घड्याळ लावू नका.) मग असाबा, म्हणजे सूत्रसंचालक, आणि हा माणूस रात्रभर माईक सोडत नाही. प्रत्येक टेबलाला बोलावतात, शुभेच्छा द्यायच्या, मग नाच, मग एक गरम डिश, मग पुढचं टेबल. आम्हालाही उठवलं. मराठीत बोललो, मित्राने काहीतरी भलतंच भाषांतर केलं, चाललं. चार वाक्यं तयार ठेवा आणि शेवटी "रखमेत" (धन्यवाद) म्हणा.

खरा खराब टप्पा रात्री दहा ते साडेबारा. कुइरदाक (परतलेलं मांस आणि लिव्हर) येऊन गेलेलं असतं, मंती (मांस भरलेले मोठे मोमो) येऊन गेलेली असते, पोट तट्ट, आवाजाने डोकं बधीर, आणि तुम्हाला वाटतं आता झालं. बरेच पाहुणे इथेच गार होतात. झालेलं नसतं. बेशबरमाक (ते स्वतः नुस्तं 'एत' म्हणजे मांस म्हणतात) सगळ्यात शेवटी येतं, मोठ्या ताटात रुंद पातळ पोळीसारख्या उकडलेल्या पट्ट्या, वर मांसाचा डोंगर, काझी, कांद्याचा रस्सा, सोबत वाडग्यात सोर्पा, म्हणजे मांसाचं गरम सूप. आणि सांगतो, पोट रिकामं असेल तर ही जगातल्या उत्तम गोष्टींपैकी आहे. मसाला शून्य, तरी. काझी गरम असताना खा, गार झाली की मेणासारखी लागते, बाजारात गार चाखून नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. म्हणून दुपारी जेवू नका, कुइरदाक दोन चमचे, मंती एक, दहा वाजता बाहेर चक्कर, आणि सोर्पा शेवटपर्यंत राखून ठेवा, तीच पचवते.

घरी जेवण असेल तर मेंढीचं उकडलेलं डोकं मानाच्या पाहुण्यासमोर येतं. आमच्याकडे विचारलं वडील आहेत का, आहेत म्हटल्यावर डोकं शेजारच्या आजोबांकडे सरकलं, कारण ज्याचे वडील हयात आहेत त्याने डोकं धरायचं नसतं. माझ्या वडिलांना मी तिथून लगेच फोन केला. कान कापून पोरांना देतात.

शाकाहाऱ्यांसाठी: जाऊ नका. कठोर वाटेल पण "सॅलड मिळतं" हे धादांत खोटं आहे, निम्म्या सॅलडमध्ये मांस असतं आणि उरलेल्यात त्याचा वास. बायको अंडं खाते, मटण नाही, ती बाउर्साक, टोमॅटो, चहा आणि खरबुजावर जगली. खरबूज मात्र तिकडचं अफाट गोड, ती तक्रार करत नाही म्हणते, मी तिच्या वतीने करतोय. बीफ चालत नसेल तर शब्द पाठ करा: सियर गाय, जिल्कि घोडा, कोय मेंढी. एकाच ताटात दोन प्रकार असू शकतात, प्रत्येक वेळी विचारा.

कुमिस (घोडीचं आंबवलेलं दूध) आणि शुबात (उंटिणीचं) यातलं शुबात घ्या, दाट आणि सौम्य असतं. कुमिस आंबट, थोडं चढतंही, आणि रिकाम्या पोटी पिऊन लांबच्या गाडीत बसू नका, जास्त खोलात जात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुसाउ केसेर. नुकतं चालायला लागलेल्या पोराच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात आणि चपळ, कर्तबगार माणसाकडून कापून घेतात, पोर त्याच्यासारखं होतं म्हणे. मग पांढऱ्या कापडावरून चालवतात. पंधरा मिनिटांत आटपतं, पोर गोड, आणि यानंतरही जेवण आहेच.

बाकी किरकोळ: रोटी पालथी ठेवू नका, उंबऱ्यावर उभे राहू नका, वडीलधारे तळवे उघडून बाता म्हणजे आशीर्वाद देतात तेव्हा तुम्हीही तळवे उघडा आणि शेवटी चेहऱ्यावरून फिरवा. उन्हाळ्यात तुर्किस्तानला पारा 40 च्या वर जातो, सप्टेंबर बरा. सूफी संत यासावीची कबर, 2003 पासून युनेस्कोच्या यादीत आहे ती, सकाळी लवकर बघा.

निघताना सार्कित म्हणून पिशवी भरून मांस, बाउर्साक, गोळ्या हातात देतात, नाही म्हणायचं नसतं, घ्या आणि ट्रेनमध्ये डब्यातल्या लोकांबरोबर संपवा, भारतात मांस आणायच्या भानगडीत पडू नका. आणि तिकीट काढताना खालचा बर्थ बघा, पैसे जास्त गेले तरी चालतील, तोयनंतर वर चढवत नाही.