जिजीची खुंटी

यंदा मी आळंदीच्या पालखीबरोबर पुण्यापासून नीरेपर्यंत चालले, ते जिजीच्या नावावर. जिजी म्हणजे माझी आत्या, ती माघात गेली. दिंडीच्या वहीत तिचं नाव होतं, पुढच्या वर्षाची भिशीही तिनं आगाऊ भरून ठेवली होती. भिशी म्हणजे दिंडीत जेवणाखाण्यासाठी भरायची वर्गणी. बाराव्याच्या दिवशी दादानं विषय काढला, की हे नाव रिकामं ठेवायचं नाही. एकट्याला पंढरपूरपर्यंत रजा मिळणं अवघड, म्हणून आम्ही भावंडांनी वाट वाटून घेतली. माझ्या वाट्याला पुणे जिल्हा आला.

जिजी माझ्या वडिलांची थोरली बहीण. भावंडं जिजी म्हणत, म्हणून आम्ही भाचरंही तेच म्हणत आलो, आणि माझी मुलगीसुद्धा तिला जिजीच म्हणायची. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर एका वाड्यात तिच्या तीन खोल्या होत्या. तिचे यजमान, आप्पा, भवानी पेठेत एका भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. पोटचा मुलगा एकच, आमचा दादा. पण त्या घरात एका वेळी पाच-सात पोरं असायचीच. त्यातला जिजीचा सख्खा कोणता, हे वाड्यात नव्यानं आलेल्या भाडेकरूला विचारूनच घ्यावं लागे.

मधल्या खोलीच्या भिंतीत ओळीनं लाकडी खुंट्या होत्या. शिकायला, नोकरीला, बाळंतपणाला, दवाखान्याला, कशालाही कुणी आलं की पहिले दोन दिवस त्याला पाहुण्याचं ताट. तिसऱ्या दिवशी सकाळी जिजी त्याला एक खुंटी दाखवायची आणि तिच्याबरोबर एक काम सांगायची. उजवीकडून पहिली खुंटी ज्याची, त्यानं आडाचं पाणी भरायचं. दुसरीवाल्यानं रेशनच्या रांगेत उभं राहायचं, रॉकेल आणायचं. कोपऱ्यातली खुंटी मिळाली की दळण. खुंटीवाला शिकून बाहेर पडला की खुंटी पुढच्याला, आणि कामही पुढच्याला. माझे वडील 1972 च्या दुष्काळात माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिच्याकडे आले, तेव्हा विहिरीनं तळ गाठला होता आणि घरात मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी चालल्या होत्या. त्यांना दळणाची खुंटी मिळाली. मी कॉलेजसाठी आले तेव्हा मलाही तीच. तोवर गिरणी बदलली होती, डबा मात्र तोच होता.

ही शिस्त तिनं कुठून आणली, याचा उलगडा मला वारीत झाला.

जिजी लग्न होऊन त्या वाड्यात आली तेव्हापासून एक दिंडी तिथं उतरते. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. पालख्या दोन रात्री पुण्यात राहतात आणि त्या दोन रात्री आसपासच्या पेठांतले वाडे, शाळा, तालमी, देवळं माणसांनी भरून जातात. आमच्या वाड्याच्या चौकात ऐंशी-नव्वद माणसांची पंगत बसे. पराती, पातेली, काठवटी आप्पा दुकानाच्या ओळखीतून गोळा करून आणत.

1961 साली पालख्या पुणं सोडून काही दिवसच झाले होते. 12 जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नारायण पेठेतलं जिजीचं चुलतसासर पाण्यात गेलं. एकोणीस वर्षांची होती ती. दीर, जावा, त्यांची मुलं आणि एक म्हातारे चुलतसासरे अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी वाड्यात आले. दिंडीसाठी आणलेली भांडी अजून परत गेली नव्हती. जिजीनं त्याच पातेल्यात पिठलं टाकलं. ती हे सांगायची तेव्हा पुराचं फारसं बोलायची नाही. भांडी घरात होती हे किती बरं झालं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. धरणं गेल्यामुळे शहरात पाण्याचे हाल होते. वाड्यातल्या आडावर सकाळी कुणी, संध्याकाळी कुणी, हे तिनं ठरवून दिलं, तेही थोरल्या जावांसकट सगळ्यांना. माझ्या मते खुंट्यांची सुरुवात तिथली.

वाडा आता पडला. जागी सहा मजली इमारत उभी आहे. बिल्डरच्या करारात जिजीनं एक कलम हट्टानं घालून घेतलं होतं, की ज्येष्ठात दोन दिवस खालचं पार्किंग दिंडीसाठी मोकळं ठेवायचं. वकिलांनी समजावून पाहिलं, असं कलम कुणी घालत नाही म्हणून. तिनं सहीच केली नाही, ते कागदावर येईपर्यंत.

यंदाही पंगत त्या पार्किंगमध्येच बसली. जिजीवाचूनची पहिलीच. जेवणं उरकल्यावर आम्ही बहिणी पाय चोळायला बसलो. हे काम आम्हाला लहानपणापासून ठाऊक. गरम पाण्याची घंगाळं, खोबरेल तेल, आणि ज्यांच्या तळव्याला फोड आलाय त्यांच्यासाठी सुई-दोरा. सुई ज्योतीवर तापवून घ्यायची, पांढरा दोरा हळद-तेलात भिजवायचा, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढायचा आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापायचा. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं. कातडं ओढायचं नाही, जिजीची सक्त ताकीद. यंदा एका आजोबांचा पाय मांडीवर घेतला. आळंदीहून येतानाच अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आला होता. मी दोरा ओवला तसे ते म्हणाले, “माउली, हा हात जिजींचा.” मला पुढचा दोरा सुईत घालता येईना. बहिणीनं घातला.

निघायचा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशी. म्हणजे उपास, आणि पुणे-सासवड हा साऱ्या वाटेतला लांब पल्ला. पहाटे अंधारातच माणसं हलायला लागली. शिंदे छत्रीला आरती झाली, मग हडपसर. गाडीतळाला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबा लोणी काळभोरकडे आणि माउली दिवे घाटाकडे. तिथं एक बाई दुसऱ्या दिंडीतल्या आपल्या बहिणीच्या गळ्यात पडून म्हणाली, “आता वाखरीला.” म्हणजे थेट पंढरपूरजवळ, पालख्या पुन्हा एकत्र येतात तिथं. दोघी लगेच आपापल्या रांगेत गेल्या.

हडपसरनंतर ऊन चढलं. फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, उकडलेली रताळी घेऊन लोक उभे. एक शाळकरी मुलगा नुसती खडीसाखर वाटत होता, दोन-दोन खडे, आणि प्रत्येकाच्या पाया पडत होता. आमच्या दिंडीत चालायची एक रीत आहे. पुढे झेंडेकरी, मग टाळकरी, मध्ये पखवाज, मागे विणेकरी, त्यामागे तुळशी आणि हंडे घेतलेल्या बाया. मी नवखी म्हणून पुढेमागे रेंगाळत होते. विणेकरीबुवांनी खुणेनं मला तुळशीवाल्या बायांच्या उजव्या टोकाला उभं केलं. “ही जिजींची जागा,” एवढंच बोलले आणि अभंग पुढे सुरू.

दादाचं लग्न झाल्यावर, घर सुनेच्या हाती देऊन जिजी चालायला लागली आणि गुडघे साथ देत होते तोवर चालली, हे मला माहीत होतं. पण तिची जागा अशी राखलेली असेल याची कल्पना नव्हती. त्या टोकाला चालताना डावीकडे ज्या मावशी होत्या, त्या पुण्यात दोन रात्री आमच्याच घरी जेवलेल्या. जालन्याकडच्या. त्यांच्या मुलानं पुण्यात डिप्लोमा केला तो जिजीकडे राहून, हे त्यांनी मला वडकीच्या ओढ्याशी सांगितलं. मी तो मुलगा पाहिलेला होता! आमच्या नात्यातलाच कुणीतरी समजत होते इतकी वर्षं. त्यालाही पाण्याची खुंटी होती.

दिवे घाट चढताना पाऊस आला. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात तिथं. खालच्या वळणापासून वरच्या वळणापर्यंत नुसत्या पताका आणि टोप्या दिसत होत्या, मागे वळून पाहिलं की खाली मस्तानी तलाव. चढावर पखवाज थांबत नाही, उलट चढतो. माझी पोटरी धरली. मावशींनी तुळस एका हातानं तोलत दुसऱ्या हातानं माझं दप्तर ओढून घेतलं आणि पुढे देऊन टाकलं. कुणाकडे गेलं ते मला सासवडपर्यंत कळलं नाही. तळावर पोचले तर आमच्या राहुटीच्या खांबाला, बाकीच्या पडश्यांच्या ओळीत, ते टांगलेलं होतं.

मी त्या खांबाकडे बघत उभी राहिले. पडश्या ओळीनं. प्रत्येकीची जागा ठरलेली. आणि खाली मावशी नव्या माणसांना कामं सांगत होत्या. पाण्याच्या टँकरवर तू, सरपण तू, ताडपत्रीचे खिळे तू. पैसे भरलेत म्हणून इथं कुणी पाहुणं नसतं. ज्याला काम नाही त्याला दिंडीत परकं वाटतं आणि ज्याला काम मिळालं तो घरचा होतो, हे जिजीनं चौकात उतरणाऱ्या या माणसांकडूनच उचललं असणार. दरवर्षी दोन रात्री ती हे बघत होती, आणि उरलेलं वर्षभर तेच स्वतःच्या घरात चालवत होती. आमच्यापैकी कुणालाही तिच्याकडे राहताना उपकाराखाली वाटलं नाही. माझ्या वडिलांना अकराव्या वर्षी घर सोडावं लागलं, पण आपण आश्रित आहोत असं त्यांच्या कधी मनात आलं नाही, हे ते आजही सांगतात. दळण त्यांच्याशिवाय येत नव्हतं ना.

रात्री समाजआरती. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी. चोपदारांनी चोप वर केला आणि क्षणात सगळं थांबलं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची सासू. सगळं पुकारून झाल्यावर आरती. एवढ्या माणसांच्या सोहळ्यात चष्म्यालाही वेळ दिला जातो, हे मला फार भावलं.

सासवडला सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन झालं. तिथं दोन रात्री मुक्काम असतो. द्वादशीच्या पहाटे पारण्याचा स्वयंपाक होता, पुरणपोळीचा. तीन वाजता मावशींनी मला हलवून उठवलं. ट्रकशेजारी ताडपत्रीखाली बल्ब लावलेला, चुली पेटलेल्या. माझ्यासमोर परात सरकवली. “जिजी कणीक मळायच्या. पहिली परात त्यांची.” मी मळायला बसले. पुरणाची कणीक सैल हवी, तेलाचा हात सढळ हवा, आणि तिंबताना मनगट वापरायचं, बोटं नाही. हे मला शिकवलं कुणी ते सांगायला नको. मावशींनी गोळा दाबून पाहिला, मान हलवली आणि दुसरी परात आणून ठेवली.

जेजुरीला भंडाऱ्यानं कपडे पिवळे झाले. वाल्ह्याच्या वाटेवर कोरडं ऊन होतं, तिथलं विशेष काही आठवत नाही, पाय दुखले हे खरं. रोज पहाटे परात, मग चाल, रात्री आरती. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घातलं की सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. माझा वाटा तिथं संपला.

चुलतभाऊ ठरल्याप्रमाणे नीरेच्या पुलाशी आला होता, पुण्याहून पहिल्या एसटीनं. बँकेत नोकरी करतो, घरी चहासुद्धा स्वतः करत नाही. लहानपणी तोही जिजीकडे होता, रॉकेलच्या खुंटीवर. मी दप्तर काढून त्याच्या खांद्यावर दिलं, मावशींच्या ताब्यात त्याला दिलं आणि कणकेचं सांगितलं. रोजच्या चपात्यांना पाणी किती, मीठ किती, पहाटे किती वाजता. तो म्हणाला, “मला येणार नाही.” मावशी म्हणाल्या, “दोन दिवस मी मळते. तिसऱ्या दिवशी तू.”