ताईने भरलेली पानं

मंगळवार, रात्री उशिरा

माझ्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी जो अर्ज करायचाय, त्याच्या फॉर्मची काही पानं मी भरायची, काही ताईने. ताईने तिच्या वाटची पानं भरून पाकिटात घालून ठेवली होती. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. वाचायला नको होती. वाचली.

'जिना चढताना अडचण येते का?' या प्रश्नापुढे तिने लिहिलंय: 'हो. एक मजला चढताना मधल्या वळणावर थांबते. थांबल्याचं कळू नये म्हणून खिडकीतून बाहेर बघते.'

मी खिडकीतून बाहेर बघते, कारण मला बघायला आवडतं.

हे वाक्य लिहून बराच वेळ नुसतीच बसलेय. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते, आणि सांडपाण्याचे तीन पाइप.

मूळ राग फॉर्मवर होता. तो निदान सरळ राग होता. पहिल्याच पानावर चौकट: डायलिसिस चालू आहे का? 'हो' असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटाकडे जा. 'नाही' असेल तर रोजच्या जगण्याची सगळी पानं भरा. माझं 'नाही'. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात तो आकडा, ११. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठणारा कचरा, ४.९. ईजीएफआरचा आकडा १५ च्या खाली गेला की आजाराची पाचवी स्टेज, आणि सहावी नसतेच. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी यांचा जोड, करून ठेवलाय, त्यावर बोट ठेवलं की आत कुणी मांजर पाळल्यासारखी थरथर लागते. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यातून रक्त काढायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. इतकी सगळी तयारी, आणि चौकटीत 'नाही'.

डॉक्टर दर वेळी 'अजून लागत नाही' असं बक्षीस दिल्यासारखं सांगतात. त्यांचं चुकत नाही. मीच एकदा विचारलं होतं, लागणारच आहे तर आत्ताच का नाही? तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला २०१० सालचा अभ्यास सांगितला. ८२८ पेशंट, दोन गट. एका गटाचं डायलिसिस आकडा १० ते १४ असतानाच सुरू करायचं, दुसऱ्याचं ५ ते ७ वर येईपर्यंत थांबायचं. त्या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना त्रास वाढल्यामुळे आधीच सुरू करावं लागलं, पण लवकर सुरू करून आयुष्य काही वाढलं नाही. म्हणून आता नुसत्या आकड्यावर जायचं नाही, माणूस कसा आहे ते बघायचं. ऐकून किती बरं वाटलं होतं मला! फक्त फॉर्मला हे कुणी कळवलेलं नाही.

ऑफिसचं आज लिहीत नाही.

तर मी माझी पानं परवाच भरली होती. न थांबता किती चालता येतं? अर्धा किलोमीटर. स्वतःची कामं? स्वतः करते. एकाग्रता? ठीक. भरताना मला आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटत होतं. उगाच रडगाणं गायलं नाही, वाढवून काही सांगितलं नाही. आणि आज ताईची पानं शेजारी ठेवली, तर ही दोन वेगळ्या बायकांची माहिती आहे.

'आठवड्यातून तीन-चार दिवस संध्याकाळी सातलाच झोप लागते. उठवलं तर झोपलेच नव्हते म्हणते.'

'बोलताना शब्द सापडत नाहीत. ते हे, ते हे, करते.'

'रात्री अंग खाजवते. चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात. चादरी स्वतःच धुते, सकाळी कुणी उठायच्या आत.'

मी हे लपवत होते. नीट, मेहनतीने लपवत होते. खाजेची कारणं मला पाठ आहेत, फॉस्फरस कमी ठेवायची गोळीही मी चुकवत नाही. पण कारण माहीत असलं म्हणून खाज थांबत नाही, आणि चादर तर दिसतेच. तिला सगळं दिसत होतं, तरी एका शब्दाने बोलली नाही. बोलली ती थेट एका परक्या माणसाशी, निळ्या पेनने, ओळी सोडून, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं होतं आपल्याकडे एवढं एक तरी स्वतःचं उरलंय. एवढंही नाही का ठेवायचं माझ्यासाठी? आजार आहेच, वर त्याचा पंचनामा.

इथे बराच वेळ रडले. त्यातलं किती खरं होतं आणि किती स्वतःला बघत बघत, ते सांगता यायचं नाही.

पुन्हा जिना. मी थांबते का? हिमोग्लोबिन ९.१ आहे. रक्ताच्या पेशी बनवा असा निरोप देणारं हार्मोन मूत्रपिंडातूनच येतं, तेच कमी पडतंय, म्हणून ती इंजेक्शनं. म्हणजे थांबत असणार. पण मला थांबल्याचं आठवतच नाही. मला खिडकी आठवते. एका पाइपचा सांधा गळतो, त्याखाली भिंतीवर शेवाळ्याचा नकाशा झालाय आणि तो पावसाळ्यापासून खाली सरकलाय, हे मला नेमकं माहीत आहे. एवढं माहीत व्हायला किती वेळ उभं राहावं लागत असेल?

आणि मग हे डोक्यात आलं, की तिला हे दिसलं कसं. वळणावर मी पाठमोरी असते. दिसायचं तर तिने मागेच असायला हवं. ती असतेच मागे. दोन वर्षं ती माझ्या मागूनच चढतेय, 'तू हो पुढे, माझे गुडघे' म्हणत. मी तिला दोनदा ऐकवलंयसुद्धा, की तुझ्यापेक्षा मी बरी, जरा चालत जा रोज. तीसुद्धा 'हो गं' म्हणाली होती.

सपाट रस्त्यावर तिच्या गुडघ्यांना काही होत नाही. उतरताना ती पुढे असते.

तिच्या पानांच्या शेवटी एक प्रश्न होता, तो मघाशी घाईत राहून गेला होता. 'तुम्ही अर्जदाराला कोणती मदत करता?' चांगल्या सात ओळी सोडल्यात. ताईने एकच वापरलीय: 'विशेष काही नाही.'

मला एकदम हसूच आलं. अगं बाई! 'स्वतः करते' लिहिणारी मी आणि 'विशेष काही नाही' लिहिणारी ही. तपासणाऱ्या माणसाला वाटायचं, या दोघी कशाला आपला वेळ खातायत. (तिच्या तपासण्यांचं, म्हणजे तिचं मूत्रपिंड मला चालेल का त्या मॅचिंगचं, इथे लिहिणार होते. नको. रिपोर्ट येऊ दे.)

त्या ओळीखाली 'जिन्यात मागे चालते' एवढं तरी घालावंसं वाटलं. पण खाली तिची सही आहे, आणि दुसऱ्याच्या पानावर आपण काही लिहायचं नाही अशी सूचनाही आहे. सकाळी तिला म्हणेन, शेवटचा प्रश्न नीट लिही. ती विचारेल, तू वाचलंस? मग आमचं जे काय व्हायचं ते होईल.

माझं पान तेवढं बदलू शकते. 'एकाग्रता: ठीक' वर रेघ मारली. आजची तारीख घालायला दोनदा कॅलेंडर बघितलं, म्हणजे तो पुरावाच झाला. अर्धा किलोमीटर खोडला. जिन्यापुढे लिहिलं: 'मधल्या वळणावर थांबते.' लिहून झाल्यावर तसं काही वाटलं नाही. त्याच्या पुढच्या रकान्यात विचारलंय, साधारण किती वेळ?

ते मला माहीत नाही. ताईला विचारावं लागेल, तिने मोजलं असणार.