दोघेही धडधाकट, मग लेकराला सिकलसेल कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. गडचिरोली जिल्ह्यात विज्ञान शिकवत असल्यामुळे पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात: "सर, आम्हा दोघांनाही काही त्रास नाही, मग पोराच्या रक्तात हे आलं कुठून?" अशा वेळी घरातले बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे वळते, आणि त्याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही.

रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनातील बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे या जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची आणि एक वडिलांची. नेहमीच्या प्रतीला 'ए' व बदललेल्या प्रतीला 'एस' म्हणतात. दोन्ही प्रती एस असल्या तर मूल 'ग्रस्त', एकच असली तर 'वाहक'. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणजे त्याचा स्वरूपप्रकार (बाहेरून दिसणारे लक्षण) निरोगी माणसासारखा आणि जनुकप्रकार (आतली जनुकांची जोडी) मात्र एएस असतो. मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यांवरील प्रयोगांतून मांडलेला अप्रभावी गुणाचा, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असल्या तरच दिसणाऱ्या गुणाचा, हिशेब येथेही लागू पडतो. ग्रस्त लेकराने एक एस आईकडून आणि दुसरा बापाकडून घेतलेला असतो, तेव्हा दोष द्यायचाच झाला तर तो निम्मा-निम्मा वाटून घ्यावा लागेल.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि साध्या एए प्रकारचे होण्याची २५ टक्के असते. येथेच मोठा घोटाळा होतो. "चारात एक ना सर, मग पहिलं ग्रस्त निघालं, आता पुढची तीन चांगली," असे लोक समजतात. परंतु नाणेफेकीत मागचा छापा पुढच्या फेकीला ठाऊक नसतो, तसेच प्रत्येक गर्भाच्या वेळी हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चारपैकी एकही मूल ग्रस्त नसण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के आहे.

हे एस जनुक आपल्या जंगलपट्ट्यात टिकले, कारण वाहकाला फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते.

आता तपासणीविषयी. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. एस असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा होतात. वाहक आणि ग्रस्त या दोघांचेही द्रावण असेच गढूळ होत असल्याने पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, करावेच लागते. त्यात वाहकाचे ए आणि एस दोन्ही वेगवेगळे उमटतात, म्हणजे आजाराच्या पातळीवर अप्रभावी ठरलेला एस रक्तात मुळीच लपलेला नसतो.

वाहकाने लग्नच करू नये काय, असेही विचारतात. खुशाल करावे. जोडीदार एए असेल तर एकही मूल ग्रस्त होणार नाही. मात्र जोडीदाराची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये, कारण बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक त्या चाचणीत सापडत नाही, आणि एस व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी पडू शकते.