मागची टाच

ठोशाचा एक फोटो मला दोन महिने जमत नव्हता. माझ्याकडे दोन ॲक्शन फिगर आहेत, म्हणजे सांधे वळवता येणाऱ्या खेळण्यातल्या बाहुल्या. दोन्ही १/१२ मापाच्या, माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर उंच. एकाच्या अंगात लाल कोट, दुसऱ्याचं चिलखत करडं. मी त्यांना लाल आणि करडाच म्हणते. लालचा हात सरळ पुढे, मूठ करड्याच्या जबड्याला टेकलेली. उजेड नीट होता, फोकस नीट होता, आणि फोटोत काहीच घडत नव्हतं. दोघं एकमेकांच्या आधाराने उभे असल्यासारखे दिसायचे.

आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. तिने तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा मारतोय कुठे? हात पुढे केलाय नुसता. मागची टाच बघ, जमिनीला चिकटलीय." मग खुर्चीतून उठून तिने करून दाखवलं. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर दाबलेला, टाच उचलून बाहेर वळते, तिच्यापाठोपाठ कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. दुसरी मूठ तेवढ्यात हनुवटीपाशी.

त्या संध्याकाळी मी लालला पायापासून उभा केला. आधी चवड्याचा सांधा, मग घोटा, गुडघा, कंबर. चांगल्या फिगरला छातीच्या कडेला आणखी एक सांधा असतो, त्याने अख्खा खांदा पुढे सरकतो; तो मी तोवर कधी वापरलाच नव्हता. मूठही जबड्यावरून काढली. आता ती जबडा ओलांडून पुढे गेलेली असते आणि करड्याची मान आधीच वळलेली असते. ठोसा लागतानाचा क्षण फोटोत मेल्यासारखा दिसतो, लागून गेल्यानंतरचा जिवंत वाटतो. मूठ आणि गाल यांच्यात बोटभर अंतर राहतं, पण कॅमेरा मुठीच्या रेषेत ठेवला की ते दिसत नाही.

या छंदात माझं सगळं भांडण वजनाशी आहे. ८० किलोचा माणूस बारापट लहान केला तर त्याचं वजन १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ पटीने उतरतं. उरतात ४६ ग्रॅम. तेवढ्या वजनाने गुडघा वाकत नाही, पाय मातीत रुतत नाही, कोटाला घडी पडत नाही. ते सगळं आपणच करायचं. गुडघे लागतात त्याहून थोडे जास्त वाकवायचे, पाऊल अंगठ्याने मातीत दाबायचं. कोटाच्या काठात मी बारीक तार शिवून घेतली आहे, त्यामुळे कंबर जिकडून वळली तिकडे कोट मागे राहतो.

धूळ मात्र खरी असते आणि खऱ्या वेगानेच पडते. माणसाच्या जगातला १ मीटर म्हणजे लालच्या जगात जेमतेम ८ सेंटिमीटर. मीटरभर उंचीवरून माती पडायला ०.४५ सेकंद लागतात, ८ सेंटिमीटरवरून ०.१३. म्हणजे त्याच्या जगात सगळं साडेतीन पट घाईने खाली येतं. म्हणून मी खोलीत अंधार करते, शटर १/२०० सेकंदावर ठेवते आणि छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीच्या सोळाव्या हिश्श्यावर आणते. अशा फ्लॅशची ताकद कमी केली की तो पेटतोही तेवढाच कमी वेळ, आणि उडालेला कण तिथल्या तिथे थांबतो तो त्या चमकेमुळे.

कणाचा आकारही बघावा लागतो. १ मिलिमीटरचा खडा इथे सव्वा सेंटिमीटरची खडी होतो. कुंडीतली माती मी उन्हात वाळवते, चहाच्या गाळणीतून चाळते आणि मग पातळ कापडातून पुन्हा. अगदी वरच्या धुरळ्यासाठी टाल्कम पावडर. आई टाचेमागे जमिनीलगत स्ट्रॉ धरून फुंकायची, मी शटर दाबायची. फुंकर लालच्या पुढे नाही, मागे जायला हवी, कारण पाय मातीला मागे ढकलतो. हेही तिचंच म्हणणं.

बाकीची जुळवाजुळव त्या मानाने सोपी आहे. कॅमेरा फिगरच्या छातीच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. वरून घेतलेला फोटो लगेच सांगतो की हे खेळणं आहे. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी फ्लॅशपुढची कापडी पेटी, लालला सात मीटरच्या खिडकीएवढा असतो. कडक ऊन हवं असेल तर उघडा फ्लॅश लांब न्यावा. मागे पडणारा करडा स्टँडवर धरते, कॅमेरा न हलवता रिकाम्या देखाव्याचाही एक फोटो घेते, आणि नंतर त्यातून स्टँड आणि त्याची सावली पुसते.

फोकसबद्दल माझं मत बदललं. इतक्या जवळून लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी थोडाच भाग स्पष्ट येतो आणि मी त्याच्याशी झगडत होते. अमेरिकेतले छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिंथल १९७० च्या दशकापासून खेळण्यातल्या सैनिकांचे फोटो काढत आले आहेत. त्यांचे सैनिक बरेचदा धूसर असतात, आणि त्या धूसरपणामुळेच धावल्यासारखे वाटतात. ते पाहिल्यावर मी लालची पुढे आलेली मूठ फोकसबाहेर सोडून दिली. धारदार फक्त त्याचे डोळे आणि मागचा पाय.

तेवढ्यात एक नुकसान झालं. नव्या पोझसाठी लालचा घट्ट घोटा मी जोर लावून फिरवला आणि आतली खुंटी मोडली. आता कडक सांधा आधी हेअर ड्रायरने अर्धा मिनिट कोमट करते, प्लॅस्टिक मऊ होतं आणि सहज वळतं. पण लालसाठी उशीर झाला होता. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून १ मिलिमीटरची पितळी तार घातली आणि गोंद लावला. तो घोटा पुन्हा हलणार नव्हता, म्हणून गोंद सुकण्याआधीच कोन ठरवायला हवा होता. सपाट बसवला तर निदान तो सरळ उभा राहील, असं मी म्हणाले.

आईने पाऊल माझ्या हातातून घेतलं, चवडा टेबलावर टेकवला, टाच वर उचलून जराशी बाहेर वळवली आणि गोंद सुकेपर्यंत दहा मिनिटं तशीच धरून बसली.