कळशी डोक्यावर, घसा कोरडा

आषाढी एकादशीनंतर विठ्ठल पंढरपूरहून धापेवाड्याला येतो, अशी आमच्या नागपूरकडे श्रद्धा आहे. त्यामुळे पौर्णिमेच्या यात्रेसाठी काटोल नाक्यावरून फेटरी, कळमेश्वरमार्गे पायी जाणाऱ्या एका लहान दिंडीत मी सामील झाले. वाटेत पाण्याला तोटा नव्हता. थोड्या थोड्या अंतरावर कोणीतरी चहा, सरबत, पाण्याचे पाउच घेऊन ‘माउली, घ्या’ म्हणत उभे असे आणि पुरुष मंडळी पोटभर पीत. माझ्यापुढे चालणाऱ्या मावशींच्या डोक्यावर पाण्याची कळशी होती. मागेल त्याला त्या थांबून पाणी देत, स्वतः मात्र ओठ ओले होतील एवढेच घेत. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, “पानी पेलं का जावा लागते नं बाई. अन् जावाचं कुठी?”

पुरुष रस्त्याकडे पाठ करून मोकळे होतात. बायकांना आडोसा लागतो, आणि आषाढात कपाशी जेमतेम नडगीला लागते, सोयाबीन त्याहून ठेंगणे. संत्र्याच्या बागा दिसल्या की आमच्या चाली मंदावत, पण बागांना तारेचे कुंपण होते. अर्थात, पोटच्या पोराप्रमाणे झाडे जपणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? मुक्कामाच्या शाळेत आम्हा साठेक जणींसाठी दोन शौचालये होती आणि त्यांतल्या एकाला कुलूप. पहाटे साडेतीनला, उजाडण्याच्या आत उरकावे म्हणून, बॅटरी घेऊन रांग लागली.

मी परिचारिका आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा जवळपास २०. त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात, आणि कमी पाणी पिऊन लघवी तासन्‌तास रोखून धरणे हे त्या जंतूंना आवतणच असते. दिंडीतल्या दोघींनी तर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यामागे विटाळाची भीती होतीच. पण एकीने हळूच सांगितले की, वाटेत कापड बदलायला जागाच नसते, हे तिचे खरे कारण होते.

पंढरीच्या पालखीमार्गांवर २०१५ पासून ‘निर्मल वारी’ची फिरती शौचालये असतात. आमच्या वाटेवर मला तसे एकही दिसले नाही. पाणी पाजण्यात पुण्य आहे असे मानणारा दाता दर फाट्यावर भेटतो. चार बांबू आणि गोणपाट लावून बायकांसाठी आडोसा उभारण्यातही पुण्य आहे, हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. तेही गाडगेबाबांच्या विदर्भात! दिंडीप्रमुखांकडे मी विषय काढला, तर ते म्हणाले, “बायांनी आजवर कधी सांगितलंच नाही.” ते खोटे बोलत नव्हते.

धापेवाड्यात, तिथल्या चंद्रभागा नदीकाठी पोहोचल्यावर मावशींनी आधी तात्पुरत्या शौचालयांची रांग गाठली. पुरुषांच्या मुतारीला पैसे नव्हते. आमच्याकडून पाच-पाच रुपये घेतले. बाहेर येऊन हातपाय धुतल्यावर मावशींनी कळशी जवळ घेतली, तळाशी उरलेले पाणी तांब्यात ओतले आणि उभ्याउभ्याच घटाघटा पिऊन टाकले.