लाँगइअरब्येनमधली बुटांची फळी

"बूट इथे काढून ठेवा," म्युझियमच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या आणि मी दारातच थांबले. ७८ अंश उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइअरब्येन गावात, दाराशी बुटांची फळी!

मला वाटलं बर्फामुळे असेल. तर म्हणाल्या, नाही, कोळशामुळे. हे गाव १९०६ मध्ये खाणीसाठी वसलं, खाणीतली काळी धूळ घरात येऊ नये म्हणून बूट दाराशीच काढायचे, आणि आता २०२५ मध्ये शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली तरी हॉटेलात, म्युझियममध्ये लोक अजून मोज्यांवरच फिरतात.

नंतर कॅफेत ब्रुनोस्ट खाल्लं, म्हणजे तपकिरी चीज. पनीर काढल्यावर उरतं ना तसलं पाणी आटवून आटवून करतात, आणि पहिल्याच घासाला आईची तूप कढवल्यानंतरची बेरी आठवली, अगदी तोच खमंग गोडवा, डोळ्यात पाणीच आलं.

पण त्या बाईंचं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये. "धूळ गेली, पण बूट काढल्याशिवाय आत आल्यासारखं वाटत नाही."

आपल्याकडे हल्ली "असू दे हो, या तसेच आत" म्हणतात, मीसुद्धा म्हणते. तुमच्याकडे अजून काढतात का चपला दाराशी?